फ्रीवेकाठचे घर

लॉस एंजेलिस शहरात फ्रीवेलगतचे घर पुष्कळदा स्वस्त मिळते, आणि ही किफायत पाहून खरेदीखतावर सही करण्यास मन अधीर होते. परंतु ज्या शहरी रस्त्यावरून दिवसाकाठी १ लाख वाहने धावतात, त्याच्या ५०० फुटांच्या आत नवी घरे बांधणे टाळावे, अशी शिफारस कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने २००५ सालीच केलेली आहे. ध्वनिरोधक भिंतीने आवाज कमी होतो, वाहनांचा सूक्ष्म धूर मात्र पुरता अडत नाही. म्हणून घर पाहावयास केवळ भरदुपारी न जाता, सूर्योदयापूर्वी, जेव्हा थंड हवा जमिनीलगत साचून तो धूर दूरवर पसरतो, तेव्हाही जावे. घरात तान्हे मूल वा दमेकरी असेल, तर माझ्या मते हा सौदा करूच नये; इतरांनी निदान वातानुकूलन यंत्रात सूक्ष्म कण अडवणारा एमईआरव्ही १३ दर्जाचा फिल्टर बसतो की नाही, याची आगाऊ चौकशी करावी.