व्यायामाच्या संभाषणातून इटालियन : स्वामित्वदर्शके आणि भूतकाळ

परकी भाषा शिकविताना व्याकरणाचे नियम आणि संभाषणाचे विषय यांची निवड बहुधा परस्परांपासून स्वतंत्रपणे केली जाते. नियम एका प्रकरणात आणि बाजारहाट, प्रवास, व्यायाम हे विषय दुसऱ्या प्रकरणात, अशी पाठ्यपुस्तकांची नेहमीची मांडणी असते. वस्तुतः काही विषय असे असतात की, त्यांविषयी बोलू लागताच विशिष्ट नियमांवाचून पाऊल पुढे पडत नाही. इटालियनपुरते बोलावयाचे तर व्यायाम हा असा विषय आहे. काल कोठे गेलो, किती धावलो, कोणता अवयव दुखावला, एवढे सांगावयाचे म्हटले तरी स्वामित्वदर्शक विशेषणे आणि भूतकाळ ही दोन्ही प्रकरणे एकदम समोर उभी राहतात.

आपल्याकडील विद्यार्थ्याच्या हाती पडते ते पुस्तक बहुधा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेले असते. त्यामुळे त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. जे त्याला मातृभाषेमुळे आधीच अवगत आहे त्यावर त्याचा वेळ खर्च होतो, आणि जेथे त्याचे पाऊल खरोखर घसरते तेथे त्याला कोणी सावध करीत नाही. हे दोन्ही प्रदेश कोणते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम स्वामित्वदर्शके घेऊ. 'माझा' या अर्थी इटालियनमध्ये चार रूपे आहेत : 'मीओ', 'मीआ', 'मिएई' आणि 'मीए'. 'इल मीओ आल्लेनामेन्तो' म्हणजे माझा सराव, 'ला मीआ पालेस्त्रा' म्हणजे माझी व्यायामशाळा, 'ई मिएई एझेर्चित्सी' म्हणजे माझे व्यायाम, आणि 'ले मीए स्कार्पे' म्हणजे माझे बूट. विशेषणाचे लिंगवचन मालकावरून न ठरता मालकीच्या वस्तूवरून ठरते, हा नियम इंग्रजी भाषकाला नवा वाटतो. 'माझा, माझी, माझे' बालपणापासून म्हणणाऱ्याला तो शिकविण्याची आवश्यकता नाही. त्याने फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, या विशेषणापूर्वी निश्चित उपपद येते. दोन, जवळच्या नात्याचा शब्द एकवचनी असेल तर ते गळते : 'मीओ पाद्रे', 'मीआ सोरेल्ला'. अनेकवचनात ते परत येते, म्हणून 'ई मिएई फ्रातेल्ली'. 'त्यांचा' या अर्थाच्या 'लोरो' शब्दापूर्वी मात्र ते कधीच गळत नाही : 'इल लोरो पाद्रे'.

तृतीय पुरुषात मराठी इटालियनपेक्षा अधिक काटेकोर आहे. 'त्याची सायकल' आणि 'तिची सायकल' यांत मराठी मालकाचे लिंगही सांगते आणि वस्तूचेही. इटालियनमधील 'ला सूआ बिचिक्लेत्ता' दोन्हींसाठी एकच. शिवाय 'त्याने आपली सायकल आणली' आणि 'त्याने त्याची सायकल आणली' यांतील भेदही 'सूआ' या एका रूपात बुडून जातो. मराठी विद्यार्थी येथे चुकत नाही, परंतु वाक्याचा अर्थ संदर्भावरून लावण्याची सवय त्याला करावी लागते.

खरी अडचण शरीराच्या अवयवांपाशी येते. मराठीत आपण 'मी हात वर केले' असे म्हणतो, 'माझे हात' म्हणत नाही. इटालियनमध्येही 'ओ आल्त्सातो ले ब्राच्चा', म्हणजे शब्दशः 'मी ते हात वर केले'. येथवर दोन्ही भाषा बरोबर चालतात. परंतु दुखण्याचा प्रसंग आला की वाटा फुटतात. 'माझी पाठ दुखते' या वाक्यात मराठीला 'माझी' हवे. इटालियन म्हणते, 'मी फा माले ला स्किएना'. यातील 'मी' म्हणजे मराठीतील 'मी' नव्हे, तर 'मला' होय. मालकी विशेषणाने न दाखविता ज्याला वेदना होते त्याच्या चतुर्थीने दाखविली जाते. मराठी विद्यार्थी 'ला मीआ स्किएना' असे म्हणून जातो, कारण त्याची मातृभाषाच त्याला तसे सुचविते.

घोटा मुरगळल्याचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. 'माझा घोटा मुरगळला' यात कर्ता घोटा, आणि क्रियापदाचे लिंगही घोट्याचे. इटालियनमध्ये पुरुष म्हणतो 'मी सोनो स्लोगातो ला काव्हील्या', स्त्री म्हणते 'मी सोनो स्लोगाता ला काव्हील्या'. कर्ता बोलणारी व्यक्ती, घोटा कर्म, आणि धातुसाधिताचे लिंग बोलणाऱ्याचे. म्हणजे येथे केवळ 'माझा' हा शब्द वगळून भागत नाही, तर वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो. स्वामित्वाचा प्रश्न अशा रीतीने भूतकाळाच्या प्रश्नात जाऊन मिळतो.

बोलण्यात नेहमी येणाऱ्या इटालियन भूतकाळाचे नाव 'पास्सातो प्रोस्सिमो', म्हणजे निकटचा भूतकाळ. तो सहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित यांच्या संयोगाने बनतो. सहाय्यक दोन आहेत : 'एस्सेरे' (असणे) आणि 'आव्हेरे' (जवळ असणे). 'एस्सेरे' आले की धातुसाधित कर्त्याशी जुळते : पुरुष म्हणतो 'सोनो आन्दातो इन पालेस्त्रा', स्त्री म्हणते 'सोनो आन्दाता'. हे 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांच्यासारखेच आहे. भेद पडतो तो अनेकवचनात. 'आम्ही गेलो' यात मराठी लिंगभेद करीत नाही. इटालियन स्त्रिया 'सिआमो आन्दाते' म्हणतात. मुलगे आणि मुली मिळून गेली असल्यास मराठी नपुंसकलिंग वापरते, तर नपुंसकलिंग गमावलेली इटालियन पुल्लिंगाचा आश्रय घेते.

'आव्हेरे' आले असता धातुसाधित सामान्यतः बदलत नाही : 'ओ फात्तो व्हेन्ती फ्लेस्सिओनी', म्हणजे मी वीस दंड काढले. परंतु कर्म तृतीय पुरुषी सर्वनामाच्या रूपाने क्रियापदापूर्वी आले की धातुसाधित त्याच्याशी जुळते. 'फ्लेस्सिओनी' स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून 'ले ओ फात्ते', म्हणजे ते मी काढले. कर्माशी जुळणी हा प्रकार मराठी वाचकास परका नाही. 'मी उडी मारली', 'मी बैठका काढल्या' या वाक्यांत क्रियापद कर्माच्याच लिंगवचनानुसार चालते. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) विस्ताराने चर्चिलेला कर्मणि प्रयोग तो हाच. दोन्ही भाषांत या जुळणीचे मूळ एकाच प्रकारचे आहे. लॅटिनमध्ये 'लिहिलेली पत्रे माझ्याजवळ आहेत' अशा रचनेत धातुसाधित हे कर्माचे विशेषण होते. संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्' यातही ते कर्माशीच जुळते. मराठीने ती जुळणी टिकविली. जुन्या इटालियनमध्ये ती पुढे येणाऱ्या कर्माशीही वारंवार होत असे. आज ती मुख्यतः सर्वनामापुरती उरली आहे.

आता सर्वांत निसरडी जागा. कोणत्या अकर्मक धातूला कोणते सहाय्यक लावावयाचे? मराठीत 'मी गेलो', 'मी पोहलो', 'मी चाललो' ही सर्व वाक्ये एकाच घडणीची. इटालियनमध्ये जाणे, येणे, पोहोचणे, पडणे यांना 'एस्सेरे', तर पोहणे, चालणे, नाचणे यांना 'आव्हेरे' लागते : 'ओ नुओतातो', 'ओ काम्मिनातो'. हालचालीचे सगळे धातू 'एस्सेरे' घेतात असा समज करून घेणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. धावण्याच्या धातूला तर दोन्ही चालतात. 'ओ कोर्सो उन ओरा' म्हणजे मी तासभर धावलो. 'सोनो कोर्सो आ कासा' म्हणजे मी धावत घरी गेलो. पहिल्यात क्रिया महत्त्वाची, दुसऱ्यात गंतव्य. चढण्याचेही तसेच : शिखरावर गेलो तर 'सोनो सालीतो', जिना हे कर्म घेऊन बोललो तर 'ओ सालीतो ले स्काले'. मराठीत 'मी जिना चढलो' हा सकर्मक असूनही कर्तरि राहतो, म्हणून येथे विशेष सावधगिरी हवी.

या द्विभाजनाला भाषाशास्त्रात मोठे महत्त्व आले आहे. डेव्हिड पर्लमटर यांनी १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, अकर्मक धातूंचे दोन वर्ग आहेत, आणि त्यांपैकी एका वर्गाचा कर्ता मुळात कर्मस्थानी असतो. लुइजी बुर्त्सिओ यांच्या इटालियन वाक्यरचनेवरील ग्रंथाने (१९८६) या विचाराला विस्तृत आधार दिला. 'एस्सेरे' घेणाऱ्या धातूंचे धातुसाधित कर्त्याशी का जुळते, याचा उलगडा यातून होतो : तो कर्ता खोलवर कर्मासारखाच असतो. अँतोनेल्ला सोराचे यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, ही विभागणी श्रेणीबद्ध आहे. स्थलांतरवाचक धातू एका टोकाला स्थिर, स्वेच्छेने केलेल्या क्रियांचे धातू दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या भागात रूपांची चंचलता. धावणे, उडी मारणे हे व्यायामाचे धातू या चंचल भागात मोडतात, आणि म्हणूनच व्यायामाचे संभाषण ही या नियमाची उत्तम कसोटी ठरते.

एक गोष्ट उरते. 'लहानपणी मी रोज पोहत असे' यातील रीतिभूतकाळासाठी इटालियनमध्ये 'नुओताव्हो' हे वेगळे रूप आहे, आणि 'काल तासभर पोहलो' यासाठी 'ओ नुओतातो'. इंग्रजी पुस्तकात अनेक पाने घेणारा हा भेद मराठी विद्यार्थ्याला 'पोहत असे' आणि 'पोहलो' या दोन रूपांनी क्षणात उमगतो.

यावरून अध्यापनाचा क्रम सुचतो. लिंगवचनाची जुळणी आणि रीतिभूतकाळ मराठीच्या आधारे त्वरेने उरकावेत. वाचलेला वेळ तीन ठिकाणी द्यावा : अवयवांच्या उल्लेखात स्वामित्वदर्शक गाळणे, दुखापतीच्या वाक्यात कर्ता बदलणे, आणि गतिवाचक धातूंना योग्य सहाय्यक लावणे. कालच्या व्यायामाची हकीकत दहा वाक्यांत सांगावयास लावली की या तिन्हींची परीक्षा एकदमच होते. शिकणाऱ्याची मातृभाषा हा नव्या भाषेच्या वाटेतील अडसर नव्हे. ती कोठे हात देते आणि कोठे पाय ओढते, हे शिक्षकाने आधी जाणून घेतले, तर मराठीचे व्याकरण हेच इटालियनकडे नेणारा सर्वांत जवळचा मार्ग ठरेल.