नफा वहीत, पैसा बाहेर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यांच्या चलनबुकात खंडेनवमीच्या झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटल्या होत्या. "साहेब, एवढ्या ऑर्डरचं शेड्यूल आजवर कधी हातात आलं नव्हतं," ते म्हणाले, "आणि पोरांना बोनस द्यायला खात्यात पैसे नाहीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर उतरले. लहान गाड्या आणि वाहनांचे सुटे भाग 28 टक्क्यांवरून 18 वर आले, ट्रॅक्टर 12 वरून 5 वर. गिऱ्हाईक शोरूमकडे वळलं की त्याची लाट कोल्हापूरच्या फाउंड्र्यांपर्यंत आणि मशीन शॉपपर्यंत येते. पण वाढलेलं काम उरकायला आधी पैसा लागतो. कास्टिंगवाला आगाऊ मागतो, टूल्स रोखीनं घ्यावी लागतात, पगार सात तारखेला आणि वीजबिल ठरल्या दिवशी. बिलाचे पैसे मात्र चार महिन्यांनी. येत्या वर्षाचे धोके सांगा म्हणून मला कुणी विचारलं, तर मी आधी या चार महिन्यांकडे बोट दाखवतो.

आम्ही दोघांनी बसून आकडे मांडले. महिन्याची विक्री 50 लाख. पैसे 45 दिवसांत आले, तर बाजारात एका वेळी 75 लाख अडकतात. 120 दिवस लागले, तर 2 कोटी. वरचे सव्वा कोटी कॅश क्रेडिट (सीसी) खात्यातून काढायचे आणि त्यावर 11 टक्के व्याज भरायचं, म्हणजे वर्षाला पावणेचौदा लाख. धंद्यात 7 टक्के सुटतात असं धरलं तर वर्षाचा नफा 42 लाख. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या उशिरापायी बँकेकडे जातो. शिवाय जीएसटी! बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला कर भरायचा, पार्टीनं पैसे दिलेले असोत वा नसोत. काम दुप्पट झालं की हे सगळंच दुप्पट होतं. भरभराटीत बंद पडलेली वर्कशॉप मी पाहिली आहेत, आणि त्यांचा ताळेबंद शेवटपर्यंत नफाच दाखवत होता.

कायदा लहान उद्योगाच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना नीट माहीत असतं. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. ऑक्टोबर 2025 मध्ये बँक रेट 5.75 टक्के होता, म्हणजे व्याज सव्वासतरा टक्के. आयकर कायद्यातल्या 43बी(एच) कलमानं यावर आणखी एक खिळा ठोकला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्याही रुंदावली आहे. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत आणि उलाढाल 10 कोटींच्या आत असेल, तर उद्योग सूक्ष्म. आमचे हे गृहस्थ त्यात बसतात.

मग पैसे का येत नाहीत? कारण गिऱ्हाईक एकच. तीन चतुर्थांश काम एकाच कंपनीचं असेल, तर तिला व्याजाची नोटीस कोण धाडणार? पुढच्या महिन्याचं शेड्यूल घटेल, ही भीती कायद्यापेक्षा मोठी असते, आणि ती खोटी नाही.

एका गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका 2025 मध्ये आणखी वेगळ्या वाटेनं दिसला. टाटा समूहातल्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला आणि सप्टेंबरभर ब्रिटनमधले तिचे कारखाने बंद राहिले. तिथल्या सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली, ती मुख्यतः पुरवठादार जगावेत म्हणून. त्या लहान कारखान्यांचे संगणक शाबूत होते. माल तयार होता, घेणारं कुणी नव्हतं.

निर्यातदारांचंही तेच. अमेरिकेनं 27 ऑगस्ट 2025 पासून अनेक भारतीय मालांवरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि अंधेरीच्या सीप्झमधले दागिन्यांचे कारागीर एका रात्रीत अडचणीत आले. युरोपात 1 जानेवारी 2026 पासून कार्बन कर पक्का लागू झाला. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट याबरोबर साधे नटबोल्टही त्यात आहेत. तिकडे माल धाडणाऱ्यानं किती वीज आणि कोळसा लागला याचा हिशेब आतापासून ठेवावा.

गृहस्थांसाठी आम्ही जे ठरवलं ते साधं आहे. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक ठळक छापायचा. गेटवर माल उतरला की चलनावर तारखेसह शिक्का घ्यायचाच, कारण 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याच्या दिवसापासूनच मुदत मोजली जाते. "क्वालिटीत अडकलंय" हे फोनवरचं उत्तर मग टिकत नाही. आणि ट्रेड्स, बिलांवर पैसे उभे करण्याचा ऑनलाइन मंच. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. कंपनीनं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला थोडी सूट कापून लगेच पैसे मिळतात, आणि पुढे कंपनी चुकली तरी बँक पुरवठादाराच्या दारात येत नाही. अडतं ते बिल मान्य करण्यापाशी. म्हणून त्यांनी खरेदी विभागाऐवजी थेट फायनान्स विभागाच्या साहेबांची वेळ मागितली. भांडायला नाही, फक्त तेवढी एक विनंती करायला.

वाढीव काम त्यांनी निम्मंच घेतलं. उरलेल्या दोन मशिनवर पंपाचे भाग बनवणाऱ्या गोकुळ शिरगावच्या एका छोट्या कारखान्याचं जॉबवर्क धरलं आहे. दर थोडा कमी, पण पैसे दर शनिवारी. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी येणे बाकी असलेल्या बिलांची यादीही ठेवणार आहेत, सर्वांत जुनं बिल वर. ते जून महिन्यातलं आहे.