घरच्या घरी ट्यूबलेस : माउंटन बाइकचा टायर बसवताना

मागच्या भागात आपण चेन आणि डिस्क ब्रेक पाहिले. आज टायर. सायकल जमिनीला टेकते ती फक्त तिथेच, आणि रस्त्यात आपल्याला रडवतोही बहुतेक वेळा तोच.

मी बडोद्यात राहतो. आमच्याकडे कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक झाड हटकून दिसतं, त्याला इथे गांडो बावळ म्हणतात. महाराष्ट्रात तीच वेडी बाभूळ. कर्नाटकात बळ्ळारी जाली, आंध्र-तेलंगणात सर्कार तुम्मा, तमिळनाडूत सीमै करुवेलम. नावं पाच, काटा एकच. तुम्ही कुठल्याही राज्यातून हे ऐकत असा, या काट्याची ओळख तुम्हाला असणारच. एका एप्रिलमध्ये मी आणि माझी मुलगी एकाच फेरीत तीनदा पंक्चर झालो. जवळ जादा ट्यूब दोनच होत्या. शेवटचे सहा किलोमीटर उन्हात सायकल ढकलत आलो. त्याच रात्री ठरवलं, आता ट्यूबलेस.

आधी हे काम कसं करतं ते समजून घेऊ. ट्यूबमध्ये हवा एका पातळ रबरी पिशवीत असते. काटा गेला की पिशवी फुटते. शिवाय हवा कमी असताना दगडावर चाक आपटलं, तर टायर आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये ही पिशवीच नाही. हवा टायर आणि रिम यांच्यामध्ये कोंडलेली असते आणि आत थोडं सीलंट फिरत असतं. हे सीलंट बहुधा लॅटेक्सचं, म्हणजे रबराच्या चिकाचं असतं आणि त्यात बारीक कण मिसळलेले असतात. काट्याच्या भोकातून हवा बाहेर धावते, तिच्याबरोबर चीक आणि कण तिथे येऊन अडकतात, गोठतात आणि भोक बुजतं. बऱ्याचदा आपल्याला कळतही नाही.

आता माझी चूक सांगतो. ही ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या जुन्या सायकलची रिम साधी, ट्यूबसाठी बनवलेली होती. एका दुकानात मला सांगितलं, ‘टेप लावा, चालतंय.’ मी टेप लावली, सीलंट घातलं, हवा भरू लागलो. टायर नीट बसेना. ‘अजून थोडी, अजून थोडी’ करत काटा साठ पीएसआयच्या पुढे नेला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि टायर रिमवरून उडाला. शेजारी आई मटार सोलत बसली होती. तिच्या चष्म्यावर, केसांत, मटारांत सगळीकडे पांढरा चीक. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. माझा कान दोन दिवस वाजत होता. आई एवढंच म्हणाली, ‘अरे, त्यावर काहीतरी लिहिलेलं असेल ना? ते आधी वाचायचं.’

लिहिलेलं होतंच. म्हणून पहिली पायरी वाचण्याची. रिम आणि टायर या दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’ अशा अर्थाची खूण हवी. अशा रिमला आतून टायरची कड धरून ठेवणारी बैठक असते. साध्या रिमला ती भरवशाची नसते. टायरवर 57-622 असा आकडा दिसेल. 57 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 622 हा कड जिथे बसते तिथला व्यास. 29 इंची चाकाला 622, साडेसत्तावीसला 584, जुन्या 26 इंचीला 559. रिम आणि टायरचा हा व्यास जुळलाच पाहिजे. आणि दोन्हींवर हवेची कमाल मर्यादा दिलेली असते. त्यातली जी कमी, ती आपली लक्ष्मणरेषा.

दुसरी पायरी, टेप. रिम आतून स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. तेलाचा हात लागला तर टेप सुटणारच. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन ते चार मिलिमीटर जास्त रुंद घ्या. व्हॉल्व्हच्या भोकाच्या दहा सेंटिमीटर आधी सुरुवात करा, ताणून लावत या आणि भोकाच्या दहा सेंटिमीटर पुढे संपवा. म्हणजे भोकावर दुहेरी थर येतो. अंगठ्याने बुडबुडे काढा. मग टोच्याने बारीक भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा. त्याची नट बोटांनीच आवळा, पक्कड नको. रस्त्यात कधी ट्यूब घालायची वेळ आली तर ती हातानेच सुटायला हवी.

तिसरी पायरी, टायर चढवणं. टायरवरच्या बाणाची दिशा पाहा. कडेला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा आणि चढवताना कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत राहा. तेवढीच ढील मिळते आणि लिव्हरची गरज सहसा पडत नाही.

चौथी पायरी, बैठक. सीलंट अजून घालायचं नाही. व्हॉल्व्हच्या आतली सुई, म्हणजे कोअर, काढा. हवा मोकळी आत शिरते. उभ्या पंपाने भराभर मारा. ‘टक, टक’ असे आवाज आले की कड जागेवर बसली. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नाही बसला तर दाब वाढवत जाऊ नका. त्याऐवजी आत ट्यूब घालून हवा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फक्त एकच कड सोडवून ट्यूब काढा, व्हॉल्व्ह लावा. एक बाजू बसलेलीच राहते, दुसरी मग पंपाने चटकन बसते. आणि हे करताना चेहरा चाकावर नको, चष्मा हवा, शेजारी कुणी बसलेलं नको.

पाचवी पायरी, सीलंट. 29 इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला साधारण 100 मिलिलिटर. बाटली आधी खूप हलवा, कण तळाशी बसलेले असतात. सिरिंजने व्हॉल्व्हमधून घाला, कोअर लावा, हवा भरा. चाक फिरवा, हलवा, मग बादलीवर आडवं ठेवा, थोड्या वेळाने उलटं. कडेला बारीक फेस आला तर घाबरू नका, तिथेच ते बुजत असतं.

आता हवा किती? माझं वजन 70 किलो. मी पुढे 22, मागे 25 पीएसआय ठेवतो. पूर्वी ट्यूब असताना चिमटण्याच्या भीतीने 35 ठेवत होतो. दाब कमी म्हणून टायर दगडाला धरून चालतो, हातांना धक्के कमी बसतात. पण फार कमी केलात तर रिम दगडावर आपटेल. दोन-दोन पीएसआयने बदलून स्वतःचा आकडा शोधा.

आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही, तर भर घाला. आणि ट्यूबलेस म्हणजे अमरपट्टा नव्हे. टायरची बाजू फाटली तर सीलंट हात टेकतं. म्हणून पिशवीत प्लगच्या पट्ट्या, एक ट्यूब आणि पंप असू द्याच. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून अडकलेले काटे काढा, नाहीतर नवी ट्यूबही जाईल.

गेल्या महिन्यात मुलीचा जुना टायर बदलला. आतून अकरा काटे निघाले. एकदाही ती थांबली नव्हती. तिने ते काटे वाटीत घालून आजीला नेऊन दाखवले. आजीने विचारलं, ‘आणि हवेचा आकडा कुणी वाचला?’

‘मी वाचला,’ मुलगी म्हणाली.

तुम्हीही वाचा. भेटू पुढच्या भागात.