विषम स्थितींतील प्रीतिपत्रें



शीळफाट्यावर कल्याणचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. तेथून जवळच मी राहतों. गेल्या महिन्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. ती चांगल्या पगारावर आहे. तिला मागणी घालणारा मुलगा जातीनें वरचा मानलेला, पण नोकरीनें साधा. 'गुरुजी, यांत कमी कोण?' असें तिनें विचारलें. उत्तरादाखल मीं तिला १९४८ सालच्या एका पत्रव्यवहाराची हकीकत सांगितली. तीच आपणांपुढें ठेवतों.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळीं देशाचे कायदेमंत्री होते. वय ५६, पत्नी रमाबाई १९३५ सालीं निवर्तलेल्या, आणि मधुमेहानें शरीर पोखरलेलें. डॉ. शारदा कबीर त्यांच्याहून सुमारें १८ वर्षांनीं लहान, मुंबईंत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या, सारस्वत ब्राह्मण कुटुंबांतल्या. अधिकारानें ते थोर, रूढीच्या मापानें त्या. तराजू दोन, आणि प्रत्येकाचें पारडें निराळ्या बाजूस झुकलेलें!

जानेवारींत बाबासाहेबांनीं दिल्लीहून पत्रानेंच मागणी घातली. वयांतील अंतर आणि स्वतःची ढासळलेली प्रकृती त्यांनीं आपण होऊन मांडली. नकार आला तरी आपण दुखावणार नाहीं, असेंही कळविलें. मंत्र्यानें घातलेली मागणी ही सहज आज्ञा होऊन बसते. येथें नकाराची वाट मागणाऱ्यानेंच मोकळी ठेवली. शारदाबाईंनींही तत्काळ होकार दिला नाहीं. वडील भावाचा विचार घेतला. त्यांच्या भावंडांत आंतरजातीय विवाह आधींच झालेले होते. ही अनुकूलता थोड्यांनाच लाभते, हें विसरूं नये. पुढें पत्रांतून 'शारू' हें लाडकें संबोधन आलें.

१५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लीस नोंदणी पद्धतीनें विवाह झाला. १८७२ च्या कायद्यानें असा विवाह करणाऱ्यांस आपण हिंदु वगैरे कोणत्याच धर्माचे नाहीं, असें लिहून द्यावें लागे. १९२३ च्या दुरुस्तीनें हिंदूंपुरती ती अट सुटली. मात्र विवाह करणारा एकत्र कुटुंबांतून विभक्त झाला, असें धरलें जाई. म्हणजे धर्म राखतां आला, पण घर सुटलें.

आज १९५४ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणें नोटीस दिल्यावर ३० दिवस ती कचेरींत लावलेली असते. त्या मुलीला धास्ती होती ती या ३० दिवसांचीच. घरीं आधीं सांगावें, कीं कुणीतरी वाचून सांगेल तोंवर थांबावें? मीं म्हटलें, 'आधीं त्या मुलाला लिही, आणि ही धास्तीच लिही. त्याला नाहीं म्हणण्याचीही मोकळीक दे.' तिनें माझ्याकडे कागद मागितला.