फुलाआधीची ओळख

दुर्मीळ फुलझाडाची जाहिरात फुलाच्या फोटोने होते आणि विक्री पिशवीतल्या हातभर रोपाची होते. या दोहोंच्या मध्ये काही वर्षं पडलेली असतात, आणि फसगत होते ती नेमकी तिथे. उर्वशीचा लालभडक, टोकांना पिवळा ठिपका असलेला, खाली झुलणारा घोस एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी घोटाळा होणं अवघड. पण त्या वेळी ओळखून उपयोग काय? जमीन अडलेली असते, पाणी घातलेलं असतं, झाड डोक्यावर गेलेलं असतं. म्हणून दुर्मीळ झाडांच्या बाबतीत फूल ही ओळखीची सर्वांत भरवशाची खूण असली, तरी सर्वांत निरुपयोगीही तीच आहे. ओळख पानावरून, शेंगेवरून आणि त्याहून अधिक रोपाच्या उगमावरून पटवावी लागते.

उर्वशीचंच पाहा. तिची कोवळी पालवी तांबूस-जांभळट आणि लुळी असते. फांदीच्या टोकाला झुबक्याने लोंबते, पुढे हिरवी होऊन ताठ होते. नर्सरीत हीच खूण दाखवून रोप ‘पटवलं’ जातं. पण सीता अशोकाची पालवी अशीच लोंबते आणि ब्राउनियाचीही. तिन्ही एकाच शेंगाकुळातली, तेव्हा हे साम्य अपेक्षितच आहे. फरक पाहायचा तर जून पान उलटावं लागतं: उर्वशीच्या पर्णिकेची पाठ फिकट, पांढुरकी, सीता अशोकाची दोन्ही बाजूंनी हिरवी. गुलमोहर आणि कॉल्व्हिलिया हे दोघे मादागास्करचे, आणि पिसासारख्या पानांवरून लांबून पाहणाऱ्याला एकच वाटतात. गुलमोहराचा बहर उन्हाळ्यातला, कॉल्व्हिलियाचे नारिंगी घोस पावसाळा सरताना येतात; पण पिशवीतल्या रोपाला हे दोन्ही ऋतू सारखेच. तिथे पानाच्या देठाच्या बुडाशी बघावं. गुलमोहराला तिथे कंगव्यासारखी फाटलेली उपपर्णं असतात. हल्ली फोनवरचं अ‍ॅप हे सगळं क्षणात सांगतं, असा आक्षेप येईल. पहिला अंदाज म्हणून ते जरूर वापरावं. मात्र अ‍ॅप चित्राशी चित्र ताडतं. कोवळ्या संयुक्त पानावर त्याची मजल पुष्कळदा कुळापर्यंत किंवा जवळच्या भावंडापर्यंतच जाते. आणि रोप कोणत्या झाडापासून केलं, हे तर चित्रात नसतंच.

उगमाची नोंद काय करते ते उर्वशीच्याच इतिहासात दिसतं. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना हे झाड १८२७ मध्ये ब्रह्मदेशात साल्वीन नदीकाठच्या एका मठाच्या बागेत आढळलं. पुढे डेव्हनशायरच्या ड्यूकने ते मिळवण्यासाठी जॉन गिब्सन या आपल्या माळ्याला कलकत्त्याला धाडलं. १८३७ मध्ये तो रोप घेऊन परतला. इंग्लंडमध्ये पहिलं फूल आलं ते १८४९ मध्ये, आणि तेही ड्यूककडे नव्हे, ईलिंगला मिसेस लॉरेन्स यांच्या बागेत. मधली बारा वर्षं ड्यूकच्या काचघरात नुसती पानं होती, तरी झाड कोणतं याबद्दल शंका घेण्याचं कारण नव्हतं, कारण ते कुठून आलं हे ठाऊक होतं.

उर्वशीला शेंगा क्वचित धरतात, म्हणून तिची वाढ मुख्यतः गुटी कलमावर. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर रुंद साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर नीट खरवडायचा, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने दोन्हीकडून आवळायचं. पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं. पानांत तयार झालेलं अन्न मात्र सालीतून उतरताना कापाशी अडतं आणि तिथे मुळं फुटतात. खरवडण्यात आळस केला की साल पुन्हा सांधते आणि गुटी फुकट जाते. या रीतीचा मोठा लाभ असा की मातृवृक्ष डोळ्यांसमोर असतो, नावाचा प्रश्नच उरत नाही. गुटीला सोटमूळ नसतं आणि सगळी रोपं एकाच झाडाच्या नकला असतात, हा आक्षेप खरा आहे. बागेतल्या एकट्या शोभेच्या झाडाला तो फारसा बाधत नाही. आधार आणि आडोसा देऊन भागतं.

सीता अशोकाला मात्र हा आक्षेप पुरता लागू पडतो. विदेशी झाडांचे लाड कशाला, देशी लावा, असं म्हणणाऱ्यांनी या झाडापासून सुरुवात करावी. ते म्हणणं मला पटतं, पण ओळखीचा काच तिथे अधिकच आवळतो. सरळसोट आसुपालव अशोकाच्या नावाने रस्तोरस्ती उभा आहे, आणि औषधासाठी विकल्या जाणाऱ्या अशोकाच्या सालीतही त्याच्या सालीची भेसळ होते. खरा अशोक त्या सालीपायीच तोडला गेला आणि रानात विरळ झाला. त्याचं पान संयुक्त, आसुपालवाचं साधं, कडा लाटांसारखी. एवढं पाहिलं तरी पुरे, तरीही चुका होतात. याची रोपं बियांपासून आणि एकाहून अधिक झाडांच्या बियांपासून करावीत. बी वाळलं की रुजण्याची ताकद झपाट्याने गमावतं, तेव्हा शेंग तडकताच पेरावं. पिशवीला बांधायच्या चिठ्ठीवर नावाखाली मातृवृक्ष कुठला, बी की गुटी आणि कोणता महिना हे पेन्सिलीने लिहावं. शाई पहिल्याच पावसात उतरते.