‘माय’, ‘आई’, ‘अम्मा’ : मातृवाचक बालशब्द आणि व्युत्पत्तिविचाराच्या मर्यादा

मराठीतील ‘माय’, तमिळ-कन्नडमधील ‘अम्मा’, इंग्रजीतील ‘मामा’ ही रूपे शेजारी ठेवली की त्यांचे मूळ एकच असावे, असा समज सहज होतो. या साम्यास व्युत्पत्तिविचारात कितपत प्रमाण मानावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरातील भाषांतून संकलित केलेल्या १०७२ माता-पितृवाचक संज्ञांच्या आधारे रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या प्रश्नाची मीमांसा केली. मातृवाचक संज्ञांपैकी ५५ टक्के, तर पितृवाचकांपैकी अवघ्या १५ टक्के संज्ञांत अनुनासिक व्यंजने आढळतात. स्तनपान करताना मुलाचे तोंड गुंतलेले असते. तेव्हा नाकातून उमटणारा हुंकार तेवढा शक्य असतो. हाच हुंकार पुढे अन्नाची व ते देणारीची मागणी करू लागतो आणि मोठी माणसे त्याला शब्दाची प्रतिष्ठा देतात. अर्थात ही प्रवृत्ती आहे, नियम नव्हे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. मराठीत ‘मामा’ हा आईचा भाऊ.

भारतीय परंपरेतही अशा शब्दांची नोंद आहे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील ११२व्या सूक्तात ‘तत’ आणि ‘नना’ हे घरगुती शब्द येतात. पाणिनीने (७.३.१०७) ‘अम्बा’ या अर्थाच्या शब्दांना संबोधनात ऱ्हस्वत्व सांगितले, म्हणून ‘रमे’सारखे रूप न होता ‘अम्ब’, ‘अक्क’ अशी रूपे होतात. या शब्दांचे खरे क्षेत्र निर्देश नसून हाक आहे, हे यावरून ध्यानात येते. हाकेचे शब्द नात्यांतून सरकतात. संस्कृतात आईवाचक असलेला ‘अक्का’ मराठीत थोरल्या बहिणीसाठी रूढ आहे. एकत्र कुटुंबात काका ज्या नावाने हाक मारीत, त्याच नावाने मुलेही आईला ‘वहिनी’ म्हणत.

आता मराठीकडे वळू. ‘माता’पासून प्राकृत ‘माआ’द्वारा ‘माय’ हे रूप ध्वनिनियमांनी सिद्ध होते. ‘आई’चे तसे नाही, आरंभीच्या मकाराचा लोप नियमाने दाखविता येत नाही. म्हणून तमिळ ‘आय्’ या मातृवाचक शब्दाकडे बोट दाखविले जाते. परंतु केवळ साम्यावरून ‘आई’ला द्राविडी ठरविणे हे तिला बळेच ‘माता’पासून काढण्याइतकेच सदोष होय; कारण असे बालशब्द परस्परसंपर्कावाचूनही सारखे घडतात.

म्हणूनच भाषाकुलांचे नाते ठरविताना बालशब्दांचा पुरावा बाजूस ठेवणे इष्ट. नियमित ध्वनिपरिवर्तन हीच कसोटी. मात्र कुटुंबातील जवळीक आणि आदर यांच्या अभ्यासास हेच शब्द मोलाचे ठरतात. ‘बाबा आले’ पण ‘आई आली’ या प्रयोगभेदात मराठी समाजाची नातेदृष्टी व्युत्पत्तीपेक्षा अधिक स्पष्टपणे प्रकट होते.