बर्फासारख्या पाण्यात एका श्वासावर डुबकी: थंडी मदत करते की घात?

मार्च 2021. फिनलंडमधला गोठलेला तलाव. योहाना नॉर्डब्लाड साध्या स्विमसूटमध्ये बर्फाखाली शिरली आणि एका श्वासात 103 मीटर अंतर पोहून गेली. वेळ लागला 2 मिनिटं 42 सेकंद.

सिलिंडर न घेता, फक्त श्वास रोखून पाण्याखाली जाणं म्हणजे फ्रीडायव्हिंग. पण इतक्या गार पाण्यात हे जमतं कसं?

पहिला धक्का

पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने शरीरातली उष्णता खेचून घेतं. अंगाला अचानक गार पाणी लागलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, हृदय धडधडू लागतं. याला 'कोल्ड शॉक' म्हणतात. हा श्वास तोंड पाण्याखाली असताना घेतला गेला, तर पाणी फुप्फुसात जातं. पट्टीचे पोहणारेही असे बुडतात.

मग मदत कुठे होते?

श्वास रोखून चेहरा गार पाण्यात घातला की उलटं घडतं. हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचं रक्त कमी होतं आणि ऑक्सिजन मेंदू-हृदयासाठी राखला जातो. डायव्हरला हेच हवं असतं. पण अंग आणि चेहरा एकदम बुडवले, तर हृदयाला 'पळ' आणि 'थांब' असे दोन्ही आदेश एकाच वेळी मिळतात. या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात.

सवय लावता येते का?

हो. गार पाण्यात 5-6 वेळा काही मिनिटं उतरलं, तरी कोल्ड शॉक जवळपास निम्म्यावर येतो. नॉर्डब्लाडची सुरुवातही तशीच झाली. 2010 मध्ये सायकल अपघातात पाय मोडला आणि उपचार म्हणून ती गार पाण्याकडे वळली.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या 'हेन्यो' स्त्रिया पूर्वी सुती कपड्यांत हिवाळ्यातही डुबक्या मारून शंख-शिंपले काढायच्या. त्यांचं शरीर हिवाळ्यात जास्त उष्णता तयार करायचं. 1970 च्या दशकात वेटसूट आले आणि काही वर्षांत ही क्षमता ओसरली.

वेटसूट घातला की झालं?

नाही. जाड सूट वर तरंगवतो, म्हणून कमरेला जास्त वजन बांधावं लागतं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. सूट दबून पातळ होतो, ऊब घटते आणि तेच वजन खाली ओढू लागतं. त्यात कुडकुडायला लागलं की स्नायू ऑक्सिजन संपवतात आणि श्वास लवकर तुटतो. म्हणून कुडकुडणं सुरू झालं की सराव थांबवायचा.

रील पाहून करून बघावं वाटतंय?

हृदयविकार किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गार पाण्यात सूर मारू नका, हळूहळू उतरा. श्वास शांत झाल्याशिवाय डोकं बुडवू नका. डुबकीआधी भराभर श्वास घेऊ नका, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. आणि प्रशिक्षित जोडीदाराशिवाय श्वास रोखायचा सराव कधीच करू नका. बेशुद्ध माणूस हाक मारू शकत नाही.